आपले नाव, आपला अंगठा

माणसाजवळ शेती असेल किंवा नसेल. पक्के घर असेल किंवा नसेल. पण नाव मात्र प्रत्येकाजवळ असते. नावावर सातबारा निघतो. नावावर रेशन मिळते. नावावर बँक पीककर्ज देते. नाव चांगले असले तर दुकानदारही दोन पोती खत उधार देतो. गरिबाजवळ दुसरी कसली ठेव नसली तरी ही एक ठेव असते.

ही ठेवसुद्धा चोरीला जाऊ शकते, हे तुम्हाला माहीत आहे का?

घरात चोर शिरला तर तुटलेले कुलूप दिसते. बैल चोरीला गेला तर रिकामे दावे दिसते. पण नाव चोरीला गेले तर काहीच दिसत नाही. आपण शेतात निंदण करीत असतो. आणि तिकडे कोणी तरी आपल्या नावाने कर्ज उचलीत असतो. महिने जातात. वर्ष जाते. मग एके दिवशी नोटीस येते आणि सारे कळते.

हे कसे घडते, ते कसे ओळखावे आणि घडलेच तर काय करावे, ते या धड्यात पाहू.

नाव चोरणे म्हणजे काय?

समजा, चिखली तालुक्यातला एक शेतकरी आहे. चार एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर घेतो. जून महिना लागला आहे. पाऊस तोंडावर आहे. बियाण्याला पैसा हवा म्हणून तो बँकेत जातो. साहेब संगणकात पाहतात आणि म्हणतात,

"दादा, तुमच्या नावावर आधीच एक कर्ज थकलेलं आहे. मोटारसायकलचं."

शेतकरी म्हणतो, "साहेब, काऊन थट्टा करता? माह्याजवळ तं सायकलबी नाही."

साहेब हसत नाहीत. ते म्हणतात, "नाव तुमचं, आधार नंबर तुमचा. थकबाकी भरल्याशिवाय नवं कर्ज कसं देऊ?"

कर्ज दुसऱ्याने घेतले. गाडी दुसरा फिरवतो. पेरणी मात्र याची अडली. यालाच नाव चोरणे म्हणतात. आपले नाव, आपला फोटो, आपला आधार क्रमांक वापरून दुसरा माणस 'मीच तो' असे सांगतो. त्या नावाने कर्ज काढतो, बँकेत खाते उघडतो, मोबाईलचे सिमकार्ड घेतो, किंवा सरकारी योजनेचे पैसे खातो.

जुना अंगठा आणि नवा अंगठा

फसवणुकीची ही रीत अगदीच नवी नाही. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई. वर काय लिहिले ते कुळाला वाचता येत नसे. शंभराचे हजार होत आणि जमीन जाई. लोकांना हा जाच इतका असह्य झाला की मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी उठले. त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्या काळी फसवणुकीचे मूळ होते अंगठा. म्हणून आपण अक्षर शिकलो. सही शिकलो. अंगठा सुटला असे वाटले.

पण आता यंत्र आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधार क्रमांक बारा आकडी असतो. त्याच्याशी आपल्या दहा बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा जोडलेला असतो. रेशन दुकानात आपण यंत्रावर बोट ठेवतो. यंत्र ठसा ताडून पाहते आणि सांगते, 'होय, हा तोच माणूस.' त्यामुळे दुसऱ्याला आपले धान्य उचलणे कठीण झाले. ही सोय चांगली आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कागदावरचा अंगठा असो की यंत्रावरचा, अंगठा म्हणजे आपली कबुली. शाई लागत नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. सिमकार्डासाठी बोट ठेवले, आणि यंत्राने त्याच बोटावर खातेही उघडले, तर? असे खरोखर घडले आहे.

खरोखर घडलेल्या चार गोष्टी

पहिली गोष्ट २०१७ सालची आहे. मोबाईलचा नंबर आधारशी जोडून घ्या, असे तेव्हा सांगितले जात होते. एअरटेल कंपनीचे ग्राहक दुकानात जात आणि यंत्रावर बोट ठेवत. अनेकांच्या नावाने त्याच वेळी एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. मग घरगुती गॅसचे अनुदान नेहमीच्या बँकेत येईना. ते या नव्या खात्यात जाऊ लागले. अशा ग्राहकांची संख्या २३ लाखांहून अधिक निघाली. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. अनुदानाचे पैसे लोकांच्या मूळ खात्यांत परत करावे लागले.

दुसरी गोष्ट परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. तेथील एका खासगी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१७ साली गुन्हा दाखल झाला. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांना न सांगता, बँकांकडून कोट्यवधींची कर्जे उचलली असा आरोप होता. बँकांच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा शेतकऱ्यांना आपल्या नावावरचे कर्ज कळले. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली.

तिसरी गोष्ट २०२४ ची. त्या वर्षी राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. नवी मुंबईकडच्या एका बाईचा अर्ज काही केल्या पुढे जाईना. तिच्या आधार क्रमांकावर आधीच दुसरा अर्ज भरलेला होता! तिने तक्रार केली. चौकशीत सातारा जिल्ह्यातील एका माणसाने वेगवेगळ्या बायकांच्या आधार क्रमांकांवर सुमारे ३० अर्ज भरल्याचे उघड झाले. पोलिसांनी त्याला आणि त्याच्या पत्नीला अटक केली. एका बाईने गप्प न बसता विचारले, म्हणून इतरांचेही उघडकीस आले.

चौथी गोष्ट मालेगावची. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील काही तरुणांची हकीकत बाहेर आली. कामधंद्याची आशा दाखवून त्यांचे आधार आणि पॅनकार्ड घेतले होते. त्यावर एका सहकारी बँकेत खाती उघडली. ज्या पोरांजवळ हजार रुपये नव्हते, त्यांच्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचे तपासात पुढे आले.

या चारही गोष्टींत एक धागा सारखा आहे. कागद आपण दिला एका कामासाठी. वापरला गेला दुसऱ्याच कामासाठी.

चोराच्या हाती कागद कसे लागतात?

आपण किती ठिकाणी आधारची नक्कल देतो ते आठवून पाहा. झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत जास्त निघते, ती तिथेच राहते. बाजारच्या दिवशी छत्रीखाली बसून सिमकार्ड विकणारा म्हणतो, "काका, ठसा नीट आला नाही. पुन्हा ठेवा." पहिला ठसा एका सिमला गेला, दुसरा दुसऱ्या सिमला. गटाचे कर्ज मिळवून देतो म्हणून एखादा एजंट गल्लीतल्या सगळ्या बायांचे कागद गोळा करतो. कर्ज नामंजूर झाले असे सांगतो. कागद मात्र परत देत नाही. पीकविम्याचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, घरकुल, गॅस, सगळ्यासाठी कागद जातात.

कधी फोन येतो. "बँकेतून बोलतो. तुमचं खातं बंद पडणार आहे. मोबाईलवर आलेले सहा आकडे सांगा." हे सहा आकडे म्हणजे ओटीपी. ती एका वेळेपुरती किल्ली असते. किल्ली दिली की कुलूप उघडलेच. बँक हे आकडे कधीही विचारत नाही. जो विचारतो तो बँकेचा नव्हे.

आणि कधी कधी, सांगताना वाईट वाटते, चोर घरातलाच असतो. पुतण्या, जावई, शेजारी. आपले कागद कुठे ठेवलेत ते त्याला ठाऊक असते.

कसे ओळखावे?

खालीलपैकी काही घडले तर सावध व्हा.

कधी न घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरा असा निरोप मोबाईलवर येतो. ज्या बँकेत आपण पाय ठेवला नाही तिचे पत्र येते. वसुलीवाला दारात उभा राहतो. बँक म्हणते, तुमचे सिबिल खराब आहे. योजनेचा अर्ज करता तर 'आधीच अर्ज झाला आहे' असे उत्तर येते. किंवा अनुदान मंजूर होते, पण पासबुकात येत नाही.

हे शेवटचे नीट समजून घ्या. सरकारी अनुदान बहुधा आधार क्रमांकावर पाठवतात. एका आधार क्रमांकाला अनुदानासाठी एकच बँक जोडलेली असते. जी बँक शेवटी जोडली, तिच्यात पैसा जातो. म्हणजे तुमच्या नावाने कोणी नवे खाते उघडून ते आधारशी जोडले, तर तुमचा पैसा तिकडे वळतो. नदीचे पाणी वरच्या अंगाला पाट काढून दुसऱ्याने वळवावे, तसे हे आहे. म्हणून पैसा आला नाही तर 'सरकारने दिला नाही' असे म्हणून बसू नका. आपल्या आधारला सध्या कोणती बँक जोडली आहे ते आपल्या बँकेत किंवा आधार केंद्रात विचारा.

आता 'सिबिल' म्हणजे काय? देशात चार कंपन्या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवतात. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशी त्यांची नावे. सिबिल त्यांतली जुनी, म्हणून लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात. कोणी किती कर्ज घेतले, वेळेवर फेडले की नाही, हे बँका त्यांना कळवतात. गावच्या दुकानदाराची उधारीची वही असते ना? तशी ही साऱ्या देशाची वही. आपल्या पानावर काय लिहिले आहे ते पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून तो काढून घ्या. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत तेही पाहता येते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची 'संचार साथी' नावाची सोय २०२३ पासून सुरू आहे. तिथे आपला मोबाईल नंबर टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. जो आपला नाही त्यापुढे 'हा माझा नंबर नाही' अशी तक्रार करता येते. हे अवश्य करा. कारण आपल्या नावाच्या सिमवरून कोणी लोकांना फसवले, तर पोलीस आधी आपल्या दारी येतात.

घडलेच तर काय करावे?

घाबरू नका. आणि लाजू नका. फसवणारा गुन्हेगार असतो, फसलेला नव्हे. पण वेळही घालवू नका. एकेक पायरी चढा.

पहिली पायरी. न घेतलेल्या कर्जाचा एकही रुपया भरू नका. वसुलीवाला म्हणेल, "भाऊ, हजार रुपये तरी भरा, मिटवून टाकू." भरलेत तर कर्ज आपलेच होते असे तो म्हणू शकतो. तो देईल त्या कागदावर सही करू नका. त्याला सांगा, "कर्ज माझं नाही. माझी लेखी तक्रार आहे. जे काही विचारायचं ते लेखी विचारा." सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकी देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बजावलेले आहे. मात्र नोटीस आली तर ती फाडून टाकू नका. जपून ठेवा. नोटिशीला उत्तर न देणे हेही आपल्या अंगावर येऊ शकते.

दुसरी पायरी. खात्यातून पैसाच गेला असेल तर त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करा. हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी नंबर आहे. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतो. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसा वाटेतच अडवता येतो. उद्या जाऊ, बाजारच्या दिवशी जाऊ, असे म्हणाल तर पैसा निघून जाईल. बँकेलाही लगेच कळवा. चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच पैसा काढला, आणि आपण तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले. आपण स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान आपल्या अंगावर येते.

तिसरी पायरी. ज्या बँकेने किंवा कंपनीने कर्ज दिले म्हणतात, तिला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज असा लिहावा :

"मा. शाखाधिकारी यांस,
मी (नाव), राहणार (गाव, तालुका), जिल्हा बुलढाणा. माझ्या नावावर आपल्या बँकेचे कर्ज क्रमांक (क्रमांक) असल्याचे मला (तारीख) रोजी कळले. हे कर्ज मी घेतलेले नाही. त्याच्या कागदांवर सही किंवा अंगठा मी केलेला नाही. कृपया कर्जाचा अर्ज, त्यावरील फोटो, सही, ओळखीचे कागद, आणि कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात गेली याची माहिती यांच्या नकला मला द्याव्यात. चौकशी करून हे कर्ज माझ्या नावावरून काढावे आणि तसे पत नोंदणी कंपन्यांना कळवावे.
आपला, (सही व तारीख)"

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. हीच पोच. पोच घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरू नका. शाखेत घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. अर्जावरचा फोटो आणि सही आपली नाही हे दाखवता आले, की अर्धे काम झाले. म्हणून नकला मागणे महत्त्वाचे.

चौथी पायरी. पोलिसांत तक्रार द्या. बुलढाण्यास सायबर पोलीस ठाणे आहे. पण जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी तो नोंदवून घ्यायचा, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट लिहिले आहे. नोंदवलेल्या फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवा. तिथेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

पाचवी पायरी. पत नोंदणी कंपनीकडे तक्रार करा, की ही नोंद माझी नाही. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. न लागल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

सहावी पायरी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. पतसंस्था असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही. तेव्हा सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावे.

एवढे कागद कोण लिहील, कोर्टात कोण उभे राहील, अशी चिंता वाटते ना? प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथून फुकट वकील मिळतो. त्याचा नंबर १५१००.

पुन्हा घडू नये म्हणून

आपल्या जिल्ह्यातले सिंदखेड राजा हे जिजाऊंचे माहेर. शिवकाळातील पत्रांची एक रीत सांगतो. पत्र लिहून झाले की अगदी शेवटी एक लहान शिक्का मारीत. त्याला मोर्तब म्हणत. मोर्तब झाले म्हणजे पत्र संपले. त्याखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते खोटे. म्हणजे मजकूर मागून कोणी घुसडू नये याची काळजी आपले वाडवडीलही घेत होते.

आपणही आपले मोर्तब करावे. आधारची नक्कल देताना तिच्यावर आडवे लिहावे, 'फक्त पीकविमा अर्जासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरे थोडी छापील मजकुरावर गेली पाहिजेत, म्हणजे कापून टाकता येणार नाहीत. आता ती नक्कल दुसऱ्या कामाला वापरणे अवघड झाले. पहिले आठ आकडे झाकलेली आधारची प्रतही मिळते. जिथे ती चालते तिथे तीच द्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. छापील अर्जात मोकळ्या जागा असतील तर त्यांवर रेघ ओढावी. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रतही मागून घ्यावी आणि फाडावी.

यंत्रावर बोट ठेवण्याआधी विचारावे, "हे कशासाठी?" पुन्हा ठेवायला सांगितले तर पुन्हा विचारावे. पैसे काढताना पावती घ्यावी आणि वाचावी. वाचता येते ना आता? मग वाचावी.

आधारला कुलूपही लावता येते. बोटांचे ठसे बंद करून ठेवले की त्यावर कोणी पैसे काढू शकत नाही. हे मोबाईलवरून किंवा आधार केंद्रात होते. १९४७ या नंबरवर विचारा. मात्र एक लक्षात ठेवा. कुलूप असताना रेशन दुकानातही ठसा लागणार नाही. तेव्हा थोड्या वेळापुरते ते उघडावे लागते. आधारला आपलाच चालू मोबाईल नंबर जोडलेला असू द्या. एजंटाचा नको, दुकानदाराचा नको.

खाते भाड्याने देऊ नका

शेवटी एक गोष्ट तरुण पोरांना सांगायची आहे. कोणी येतो आणि म्हणतो, "तुझ्या नावावर खातं उघड. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला दे. महिन्याला दोन हजार घे. तुला काहीच करायचं नाही." सोयाबीनला भाव नाही, हाताला काम नाही. दोन हजार मोठे वाटतात. पण त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो. एखाद्या म्हातारीची आयुष्याची पुंजी त्यात येऊन पुढे जाते. चोर दूर राहतो. खाते कुणाचे? तुझे. पोलीस कुणाला धरणार? तुला. इथे नाव कोणी चोरले नाही, आपणच विकले. आणि विकलेले नाव सोडवून आणणे चोरलेल्यापेक्षा कठीण असते.

घरात बसून हा धडा मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवा. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि गटातल्या बायांना. गावात कोणाला अशी नोटीस आली तर त्याला हसू नका. त्याच्यासोबत बँकेत जा. एकट्याला साहेब परत पाठवतात. चौघे गेले तर बसायला सांगतात.

हे लक्षात ठेवा :

ओटीपी कुणाला सांगू नये.
नकलेवर काम आणि तारीख लिहावी.
विचारल्याशिवाय बोट ठेवू नये.
न घेतलेले कर्ज भरू नये, पण नोटीस फेकू नये.
तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी.
वर्षातून एकदा आपल्या कर्जाची नोंद पाहावी.

पैसा गेला : १९३०. आधारची अडचण : १९४७. बँक ऐकत नाही : १४४४८. फुकट वकील : १५१००.

हे चार नंबर घराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.